भाकरीतले लोह आणि तक्त्यातले लोह

बीड जिल्ह्यात अन्नातील घटक रोज मोजले जातात. मात्र ते मोजण्याची ठिकाणे गावोगावची दूध संकलन केंद्रे आणि साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळा ही आहेत. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश वगळता दुधात उरणारे घन पदार्थ, हा पाया धरून ठरतो, तर उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान रास्त दर, अलीकडच्या हंगामांत १०.२५ टक्के उताऱ्यावर, म्हणजे शंभर किलो उसातून निघणाऱ्या साखरेवर, बेतलेली असते. त्यामुळे आष्टी-पाटोद्याकडच्या ज्या शेतकऱ्याला आपल्या म्हशीच्या दुधाची फॅट दशांशासह तोंडपाठ असते, त्यालाच घरच्या बाजरीच्या भाकरीत लोह किती हे सांगता येत नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नाही, कारण ते कोणी मोजलेलेच नसते. बाजारात जाणाऱ्या मालाचे घटक मोजायचे आणि घरात शिजणाऱ्या धान्यासाठी पुस्तकातील सरासरीवर भागवायचे, ही विभागणी अन्नविश्लेषणाच्या शास्त्राइतकीच जुनी आहे.

दुधाची फॅट आता बहुतेक केंद्रांवर विजेवर चालणाऱ्या यंत्राने निघते, पण ज्या पद्धतीशी त्या यंत्राचा आकडा ताडून पाहिला जातो ती निक्लाउस गेर्बर या स्विस रसायनज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवलेली आहे. ब्युटिरोमीटर नावाच्या लांब मानेच्या काचनळीत दहा मिलिलिटर गंधकाम्ल घ्यायचे, त्यावर पावणेअकरा मिलिलिटर दूध हलकेच सोडायचे आणि एक मिलिलिटर अमाइल अल्कोहोल घालून बूच लावायचे. आम्लाने प्रथिने विरघळून मिश्रण तपकिरी होते, नळी हाताला चटका बसेल इतकी तापते, आणि ती यंत्रात गरगर फिरवल्यावर मोकळा झालेला स्निग्धांश मानेत पिवळसर थर होऊन उभा राहतो, ज्याची उंची म्हणजेच फॅटचा आकडा. याच गंधकाम्लाच्या जोरावर योहान केल्डाल याने १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत प्रथिने मोजण्याची रीत शोधली होती. ही प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याची होती आणि तिला चिंता होती ती बार्लीतील प्रथिनांची. पोषणाचा विचार करणाऱ्या शास्त्राला आपली हत्यारे दुग्धव्यवसायाकडून आणि मद्यनिर्मितीकडून उसनी घ्यावी लागली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

केल्डालच्या पद्धतीत प्रथिने प्रत्यक्ष मोजली जात नाहीत. पदार्थ तीव्र गंधकाम्लात उकळून त्यातील सगळा नायट्रोजन अमोनियम क्षाराच्या रूपात आणला जातो, अल्कली घालून त्याचा अमोनिया ऊर्ध्वपातनाने वेगळा काढतात, तो किती आहे हे पाहतात आणि प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो असे धरून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणतात. परंतु सगळी प्रथिने सारखी नसतात. शेंगदाण्यासाठी योग्य गुणक ५.४६ आहे, आणि म्हणून सरधोपट गुणकाने २५ ग्रॅम दिसणारी शेंगदाण्यातील प्रथिने योग्य गुणकाने २२ ग्रॅमच्याही आत येतात. नायट्रोजन कुठून आला हे या पद्धतीला कळत नाही, याचा क्रूर गैरफायदा २००८ मध्ये चीनमध्ये उघडकीस आला. तेथे पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन हे दोन-तृतीयांश नायट्रोजन असलेले औद्योगिक रसायन मिसळून प्रथिनांचा आकडा फुगवण्यात आला होता आणि लाखो बालके त्याने आजारी पडली.

कर्बोदकांची कथा तर आणखी गमतीची आहे. पाणी, प्रथिने, स्निग्धांश, तंतू आणि राख, म्हणजे जाळल्यावर उरणारी खनिजे, यांची बेरीज शंभरातून वजा करून जे उरेल त्याला कर्बोदके म्हणण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली, आणि त्यामुळे घरखर्चाच्या वहीत हिशेब जुळेना की जशी ‘किरकोळ’ या सदरात रक्कम टाकली जाते, तशी आधीच्या सगळ्या मोजमापांतील चूक कर्बोदकांच्या रकान्यात जाऊन बसते.

अशा मोजमापांतून भारतीय अन्नाचे पद्धतशीर तक्ते करण्याचे काम निलगिरीतील कुन्नूर येथे सुरू झाले. १९१८ मध्ये रॉबर्ट मॅकॅरिसन यांच्या बेरीबेरी-संशोधनातून उभ्या राहिलेल्या तेथील प्रयोगशाळेचीच पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. मॅकॅरिसन यांनी भारतातील निरनिराळ्या समाजांचे आहार उंदरांना खाऊ घालून त्यांची वाढ ताडून पाहिली होती. त्या शर्यतीत शीख आणि पठाणी आहारांमागोमाग मराठी आहाराचा क्रमांक लागला, यात कोणी अभिमान मानायचा तर खुशाल मानावा, उंदरांची हरकत नाही. त्यांच्यानंतर आलेल्या वॉलेस एक्रॉइड यांनी १९३७ मध्ये ‘हेल्थ बुलेटिन क्रमांक २३’ म्हणून प्रसिद्ध केलेले तक्ते, त्यांचा सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये केलेला विस्तार आणि २०१७ मध्ये ५२८ खाद्यपदार्थांवर नव्याने काम करून निघालेले तक्ते अशी ही परंपरा आहे. आहारतज्ज्ञांचे सल्ले, शालेय पोषण आहाराची परिमाणे आणि वर्तमानपत्रांतील ‘लोहाने समृद्ध’ पदार्थांच्या याद्या यांतील आकडे बव्हंशी येथूनच आलेले असतात.

या परंपरेत एका मराठी संशोधिकेला मिळायला हवी होती तेवढी जागा मिळालेली नाही. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या भागवत, यांच्याविषयी लिहिताना १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला आणि त्या हटून बसल्या, एवढे सांगून बहुतेक लेख संपतात, किंवा १९३९ च्या केंब्रिजच्या पीएच.डी.पर्यंत जाऊन थांबतात. प्रत्यक्षात त्यांचे आयुष्यभराचे काम सामान्य माणसाच्या ताटातील पदार्थांवर होते. बंगळूरला त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला, इंग्लंडहून परतल्यावर काही काळ कुन्नूरच्या त्याच प्रयोगशाळेत काम केले आणि नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांना घेऊन नीरा, ताडगूळ आणि डाळी यांचे पोषणमूल्य तपासले. आरे दूध प्रकल्पालाही त्यांचा सल्ला मिळत असे. पदार्थात घटक किती आहे एवढ्यावर समाधान न मानता तो शरीराला किती मिळतो, हा प्रश्न त्यांनी लावून धरला होता. कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक विकराला, म्हणजे प्रथिने तोडणाऱ्या रसायनाला, अडवणारे पदार्थ असतात, हे दाखवणारे त्यांच्या गटाचे काम १९५० च्या दशकातील आहे, आणि केल्डालच्या नळीत भरघोस दिसणाऱ्या डाळीतील सगळी प्रथिने पोटात का लागू पडत नाहीत याचे एक उत्तर त्यात मिळते. प्रवेश मिळवण्याच्या लढ्याची गोष्ट स्फूर्तिदायक खरीच, पण तिच्या झोतात खुद्द संशोधन अंधारात राहावे, हा त्यांच्यावर झालेला दुसरा अन्याय म्हटला पाहिजे.

तक्त्यातील सर्वांत निसरडा रकाना लोहाचा आहे. जुन्या तक्त्यांत कलिंगडाच्या शंभर ग्रॅम गरात ७.९ मिलिग्रॅम लोह दिलेले आहे, तर अमेरिकी तक्त्यांत तोच आकडा पाव मिलिग्रॅमच्या आसपास आहे. बालाघाटाच्या डोंगरांतील ज्या सीताफळाला ‘बीडचे सीताफळ’ म्हणून २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या फळाच्या बाबतीतही जुना भारतीय आकडा ४.३ आणि अमेरिकी ०.६ अशी तफावत दिसते. फळांच्या जातींमुळे एवढे अंतर पडणे कठीण. येथे संशय येतो तो धुळीवर. मातीत लोह अन्नापेक्षा हजारो पटींनी अधिक असते, त्यामुळे खळ्यावर मळलेल्या धान्याला चिकटलेली चिमूटभर माती, दळताना झिजणारे लोखंड किंवा नमुना कापण्याची साधी सुरीसुद्धा आकडा फुगवू शकते. म्हणून आताच्या प्रयोगशाळा नमुन्यातील लोहाबरोबर ॲल्युमिनियमही मोजतात. धान्यात ते नाममात्र आणि मातीत मुबलक असल्याने, ते अधिक आढळले की नमुना मातकट होता असे समजायचे.

बाजरीचा आकडा या दृष्टीने उद्बोधक आहे. १९७१ च्या तक्त्यात शंभर ग्रॅम बाजरीत ८ मिलिग्रॅम लोह होते, ते २०१७ मध्ये ६.४ वर आले. दरम्यान पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेने आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘धनशक्ती’ हा मुद्दाम लोह वाढवलेला वाण आणला, ज्याचा मूळ वंश आफ्रिकेतील टोगो देशाच्या गावरान बाजरीचा आहे. या लोहसमृद्ध वाणात किलोमागे ७१, म्हणजे शंभर ग्रॅमला ७.१ मिलिग्रॅम लोह असते. जुना तक्ता खरा मानला तर ही ‘समृद्ध’ बाजरी साध्या बाजरीहून हलकी ठरते! वाण वाईट नाही; दोन आकडे दोन वेगळ्या पद्धतींनी आणि वेगळ्या नमुन्यांवर काढलेले आहेत, आणि ते शेजारी मांडून जाहिरात करणाऱ्यांनी, विशेषतः २०२३ च्या भरडधान्य वर्षात पाकिटांवर ठळक अक्षरे छापणाऱ्यांनी, हा फरक सहसा सांगितला नाही.

त्यापुढचा प्रश्न सोहोनींचाच. बाजरीच्या कोंड्यातील फायटेट हे संयुग लोहाला धरून ठेवते, त्यामुळे भाकरीतील लोहाचा अगदी लहान हिस्सा आतड्यातून रक्तात जातो, आणि सोबत लिंबू किंवा कच्ची कोथिंबीर असेल तर क जीवनसत्त्वामुळे तो थोडा वाढतो. उत्तर कर्नाटकात, बेळगाव परिसरात, दोन वर्षांच्या आसपासच्या बालकांना बाजरीचे पदार्थ देऊन, त्यात लोहाचे जड पण किरणोत्सारी नसलेले समस्थानिक मिसळून आणि नंतर रक्तात ते शोधून, शोषण प्रत्यक्ष मोजले गेले: साध्या बाजरीतून दिवसाला ०.२३ आणि लोहसमृद्ध बाजरीतून ०.६७ मिलिग्रॅम. बीडला लागून असलेल्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात १२ ते १६ वर्षांच्या २४६ निवासी शाळकरी मुलामुलींना सहा महिने भाकरी देऊन झालेल्या चाचणीत, सुरुवातीला लोहाची कमतरता असलेल्यांपैकी समृद्ध बाजरी खाणाऱ्यांची कमतरता भरून निघण्याची शक्यता इतरांच्या १.६४ पट आढळली. राज्यातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले असताना, हे लाभ लहान असले तरी क्षुल्लक नाहीत.

देशात २०१८ पासून बाजरीच्या नव्या वाणाला किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त ही अट आहे, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठातून प्रसारित झालेल्या ‘परभणी शक्ती’ या ज्वारीच्या वाणाचीही ओळख लोह-जस्तावरच सांगितली जाते. पण हे आकडे चाचणी-क्षेत्रांवरचे आहेत. गोदाकाठच्या गेवराई-माजलगावची खोल काळी जमीन आणि बालाघाटावरची हलकी मुरमाड जमीन एकाच बियाण्याला सारखे लोह देतील असे गृहीत धरता येत नाही. चुनखडीचे प्रमाण अधिक असलेल्या जमिनीत लोह असूनही मुळांना ते सहज मिळत नाही. त्यासाठी जिल्ह्याचा स्वतःचा तक्ता हवा, आणि तो करणे अशक्य नाही. इक्रिसॅटमध्ये क्ष-किरणांवर चालणाऱ्या यंत्रात मूठभर दाणे न दळता ठेवून काही मिनिटांतच लोह आणि जस्ताचा अंदाज घेतला जातो, आणि तालुकावार काही शेकडो नमुने तपासण्याइतके ते स्वस्त पडते. हे नमुने मात्र खळ्यावरच्या राशीतून किंवा मोंढ्यातल्या पोत्यातून न घेता उभ्या पिकाची कणसे हाताने खुडून, स्वच्छ कापडी पिशवीत मळून घ्यावे लागतील.