दिवड : एका निर्विष सर्पाचे नाव व जीवन

सोलापूर हा पर्जन्यछायेचा प्रदेश होय. येथील पाणी मुख्यत्वे तळ्यांतून साठलेले आहे. नगरातील सिद्धेश्वर तलाव, उत्तरेस हिप्परग्यानजीकचा १८७१ साली पुरा झालेला एकरुख तलाव आणि वायव्येकडील भीमेवरचे उजनी धरण ही त्यांतील प्रमुख स्थाने. अशा तळ्यांच्या, विहिरींच्या व पाटांच्या आश्रयाने राहणारा निर्विष सर्प म्हणजे दिवड. त्यास पाणदिवड व विरोळा अशीही नावे आहेत.

सामान्यतः दोन ते तीन फूट लांबीचा हा सर्प पिवळसर किंवा हिरवट वर्णाचा असून त्याच्या अंगावर सोंगटीच्या पटाप्रमाणे काळी चौकट उठलेली दिसते. डोळ्याच्या खालून व मागून ओठाकडे उतरणाऱ्या दोन काळ्या तिरप्या रेषा ही त्याची खरी ओळख; कारण अंगाचा रंग फार बदलता असतो. पाठीवरील खवल्यांच्या मध्यावर बारीक कंगोरा असतो. बेडूक, त्यांची पिले व मासे हे त्याचे भक्ष्य. मादी अंडी घालते व ती पाण्याजवळच्या बिळांत किंवा भेगांत ठेवते. मादी नरापेक्षा अंगाने मोठी असते.

१७९९ साली श्नायडर या जर्मन पंडिताने त्यास ‘पिस्काटोर’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘कोळी’, मासे धरणारा, हे जातिनाम दिले. पुढे दीर्घकाळ त्याची गणना ‘नॅट्रिक्स’ या युरोपीय गणात होत असे. आज त्यास ‘फाउलीया’ या निराळ्या गणात घालतात. तथापि युरोपातील निर्विष गवती सर्पाशी असलेले त्याचे नाते सुटलेले नाही. दोघेही जलप्रिय, मंडूकभक्षक व अंडज. भेद दिसतो तो संकटकाळी. युरोपीय गवती सर्प पुष्कळदा उताणा पडून, तोंड वासून मेल्याचे सोंग घेतो. दिवड मात्र पुढचे अंग उचलतो, मान चपटी करतो, फूत्कारतो आणि तरीही कोणी जवळ आल्यास कडकडून चावतो. चाव्यातून रक्त येते, परंतु माणसास बाधेल असे विष त्यात नसते. निर्विष म्हणजे गरीब असा जो समज आहे तो दिवडापुरता तरी सोडून द्यावा लागेल. मान चपटी करण्याच्या या सवयीमुळेच तो नाग समजून मारला जातो.

युरोपीय गणाचे ते नाव भाषेच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक आहे. लॅटिन ‘नॅट्रिक्स’ म्हणजे पाणसर्प. त्याचा सजातीय जर्मन शब्द ‘नाटर’ आज प्रामुख्याने निर्विष सर्पांना लावतात. इंग्रजीत मात्र तोच शब्द ‘नॅडर’ या रूपात होता. पुढे ‘अ नॅडर’ याचा पदच्छेद चुकून ‘ॲन ॲडर’ असा झाला, आद्य नकार गळाला, आणि ‘ॲडर’ हे विषारी सर्पाचे नाव ठरले. एकाच धातूचे दोन वंशज. एक निर्विष, दुसरा सविष.

भारतीय परंपरेत हा भेद शब्दांनी फार पूर्वी नोंदलेला आहे. अमरकोशात ‘अलगर्द’ व ‘जलव्याल’ हे पर्याय दिले असून ‘राजिल’ व ‘डुण्डुभ’ ही जोडी निराळी ठेवली आहे. महाभारताच्या आदिपर्वातील रुरूची कथा तर या प्रश्नावरच उभी आहे. प्रमद्वरेस सर्पदंश झाल्यापासून रुरू दिसेल तो सर्प मारू लागतो. एका वृद्ध डुण्डुभावर काठी उगारताच तो सांगतो की, चावणारे सर्प निराळे, डुण्डुभ केवळ नावाचे सर्प. हा डुण्डुभ पूर्वीचा ऋषी. गवताचा सर्प करून मित्रास भिवविले म्हणून त्यास निर्वीर्य सर्प होण्याचा शाप मिळालेला. कथाकाराची ही योजना मोठी मार्मिक आहे.

मराठीने हे ज्ञान नावांत साठविले. नाग, घोणस, मण्यार, फुरसे, धामण, कवड्या, दिवड. यांपैकी एकाही नावात ‘साप’ हा शब्द नाही. सोलापुरात मराठीच्या शेजारी नांदणाऱ्या कन्नडात ‘नीरुहावु’ आणि तेलुगूत ‘नीटिपामु’ म्हणतात. दोन्हींचा अर्थ ‘पाण्यातला साप’, म्हणजे केवळ स्थानवाचक. मराठी नाव प्राण्यास स्वतंत्र व्यक्तित्व देते. म्हणून ज्यास ‘दिवड’ हा शब्द येतो तो काठी खाली ठेवतो, आणि ज्याच्याजवळ ‘साप’ एवढाच शब्द उरला आहे तो साप साप म्हणून भुई धोपटतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने दिवडास संरक्षण दिले आहे खरे. पण विहिरीच्या काठावर अधिनियम कोणाच्या हाती नसतो.

या बाबतीत कोशकारांकडेही काही दोष जातो. ‘सापाची एक जात’ एवढ्यावर अशा शब्दांची बोळवण करणे ही मराठी कोशांची जुनी खोड आहे. डोळ्याखालच्या दोन रेषा, अंगावरची चौकट, पाण्याचा सहवास आणि निर्विषता या चार गोष्टी अर्थात येण्यास दोन ओळी पुरतात. बोलींचे संकलन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी उजनीच्या काठच्या भोई व कोळी मंडळींकडून ही नावे घेताना, प्राणी समोर असताना घ्यावी. जाळ्यात दिवड अधूनमधून सापडतोच.