नवापूरच्या फलाटावरची रोमिंगची रेषा

उधना जंक्शनवरून खानदेशकडे वळणाऱ्या रुळांजवळ, सुरतच्या आग्नेय बाजूला डिंडोली पसरलेली आहे. शेजारी नवागाम आणि लिंबायत. या पट्ट्यात गुजराती पाट्यांखाली मराठी आणि अहिराणी सर्रास ऐकू येते, कारण जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतली असंख्य कुटुंबं पोटापाण्यासाठी इथे येऊन स्थिरावली. कोणी सांच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, कोणी डाइंग मिलमध्ये. बायका घरबसल्या साड्यांना लेस लावतात, टिकल्या चिकटवतात. गाव साधारण तीनशे किलोमीटरच्या आत, रातोरात पोचण्यासारखं, तरी राज्य वेगळं. साध्या बटनांच्या मोबाईलचा खरा चमत्कार पाहायचा तर तो अशाच वस्तीत पाहावा. स्मार्टफोनच्या तुलनेत त्याला कमी लेखण्याची सवय आपल्याला लागली आहे, पण त्याच्या पोटात दडलेली हुशारी थक्क करणारी आहे, आणि तो वापरणाऱ्यांची तर त्याहून अधिक.

सुरुवात नवापूरपासून करू. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं हे स्थानक गुजरात आणि महाराष्ट्र वेगळे होण्याच्या कितीतरी आधीचं. १ मे १९६० रोजी दोन राज्यं झाली तेव्हा हद्द फलाटालाच कापून गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत, आणि मधला एक बाक अर्धा इकडे, अर्धा तिकडे. या बाकावर बसून फोटो काढणारे पुष्कळ, पण याच फलाटावरून आणखी एक, डोळ्यांना न दिसणारी रेषा जात होती, तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. सुरत दूरसंचार खात्याच्या ‘गुजरात सर्कल’मध्ये येतं, नवापूरच्या पुढचा मुलूख ‘महाराष्ट्र आणि गोवा सर्कल’मध्ये. गाडी नवापूर ओलांडे आणि डिंडोलीचं सिम परकं होई. रोमिंग सुरू.

हे परकेपण नेमकं कसं चाले? सुरतच्या सिमची नोंद गुजरातच्या यंत्रणेत कायमची असते. फोन गावाकडच्या, समजा अंमळनेरच्या, मनोऱ्याला जोडला गेला की तिथली यंत्रणा गुजरातला कळवते, ‘तुमचा माणूस सध्या आमच्याकडे आहे.’ आता समजा सुट्टीवर आलेला कामगार घराच्या ओट्यावर बसला आहे आणि शेजारच्या गल्लीतल्या मित्राने त्याला फोन लावला. तो फोन आधी गुजरातेत जाई, तिथे पत्ता विचारी आणि परत अंमळनेरला येई. पन्नास पावलांच्या अंतरासाठी शेकडो किलोमीटरची फेरी! लावणाऱ्याला एसटीडीचे पैसे, उचलणाऱ्याला रोमिंगचे. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने रोमिंगमधल्या इनकमिंगचा कमाल दर २०१३ मध्ये मिनिटाला ७५ पैशांवर आणला, मे २०१५ मध्ये ४५ पैशांवर, आणि २०१७ मध्ये कंपन्यांनी देशांतर्गत रोमिंगचे जादा पैसे घेणंच बंद केलं. तोवर लोकांनी आपला तोडगा काढला होता. एक सिम सुरतचं, एक गावाकडचं. दोन सिमचे स्वस्त फोन बाजारात आले तेव्हा दोन राज्यांत संसार असलेल्या माणसांसाठी ती मोठीच सोय झाली. नोकियासारख्या बलाढ्य कंपनीला ही गरज उशिरा कळली, तिचे दोन सिमचे फोन भारतात २०११ मध्ये पोचले.

दुसरा चमत्कार मिस्ड कॉलचा. सांच्यांच्या खात्यात माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे रिंगटोनचं काय घेऊन बसलात! फोन व्हायब्रेटवर ठेवून खिशात. बारा तासांच्या पाळीत बोलायला उसंत नसते, बोलून उपयोगही नसतो. पण खिशात थरथर झाली आणि थांबली, यात निरोप आला. यामागचं तंत्र असं की फोन शोधणं, घंटी वाजवणं हे सगळं संकेतांच्या वेगळ्या वाहिनीवर चालतं आणि पैशांचं मीटर पडतं ते समोरच्याने फोन उचलल्यावर. घंटीपर्यंतचा सगळा खटाटोप कंपनीच्या खर्चाने. एक घंटी म्हणजे ‘पोचलो’, दोन म्हणजे ‘तू फोन कर’, असे संकेत घरोघर ठरले. त्यात एक मेख होती. लावणाऱ्याच्या कानात वाजणारी घंटी त्याला एक्स्चेंज ऐकवतं, ती समोरच्या फोनच्या घंटीशी तंतोतंत जुळेलच असं नाही. इथून दोन मोजल्या तरी तिथे एकच वाजलेली असू शकते. म्हणून घंट्या मोजण्यापेक्षा मिस्ड कॉल किती आले ते मोजणं अधिक भरवशाचं.

या फुकट घंटीवरून मोठमोठ्या कंपन्याही भांडल्या आहेत. एका कंपनीचा फोन दुसरीच्या ग्राहकाने उचलला की पहिलीने दुसरीला मिनिटाला ६ पैसे द्यायचे, असा त्या काळचा नियम होता. मग घंटी कमी वेळ वाजवली तर कॉल मिस होतो, समोरचा उलट फोन करतो आणि देणं घेण्यात बदलतं! घंटीचा अवधी कमी करण्याची अशी चढाओढ लागली, तेव्हा नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘ट्राय’ला सांगावं लागलं की मोबाईलची घंटी ३० सेकंद वाजलीच पाहिजे, तारेच्या फोनची ६०. डिंडोलीच्या घराघरांतली युक्ती कंपन्यांना जरा उशिरा सुचली, इतकंच.

आता खुद्द फोनकडे पाहू. नोकिया ११०० हा २००३ मध्ये आलेला फोन जगभरात २५ कोटींहून अधिक खपला. त्याचं कीपॅड धूळ आत जाऊ नये अशा बेताने बनवलेलं होतं आणि डोक्यावर टॉर्च होता. तूस उडणाऱ्या खात्यात आणि वीज गेलेल्या गल्लीत याहून काय हवं? बॅटरी दिवसेंदिवस कशी टिके, याचं उत्तर मोठं गमतीचं आहे. हा फोन बहुतेक वेळ झोपलेला असतो. साधारण अर्ध्या ते दोन सेकंदांनी क्षणभर जागा होऊन मनोरा आपला नंबर पुकारतोय का एवढं ऐकतो आणि पुन्हा झोपतो. दाराशी निजलेल्या राखणदारासारखी ही डुलकी. त्यामुळेच बोटाएवढी बीएल-५सी बॅटरी आठवडाभर निघे. याच बॅटरीने २००७ मध्ये घबराटही उडवली होती. एका पुरवठादाराने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या क्वचित तापू शकतात, असं नोकियाने जाहीर केलं आणि भारतभर लोक फोन उघडून बॅटरीवरचे आकडे वाचू लागले.

मेसेजच्या बाबतीत मात्र मराठी माणसावर अन्याय झाला, असं माझं स्पष्ट मत आहे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीला प्रत्येकी सोळा बिट लागतात, म्हणून फक्त ७०, आणि त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘नंदुरबार’ लिहिलं की आठ गेले. त्यातून अनेक जुन्या फोनवर देवनागरीच्या जागी चौकोनच दिसत. साहजिकच मराठी आणि अहिराणी दोन्ही रोमन लिपीत गेल्या. भारतीय भाषांतला मजकूर प्रत्येक फोनवर वाचता आलाच पाहिजे, असं मानक सरकारने २०१६ मध्ये लागू करायचं ठरवलं, तोवर लोकांची बोटं रोमनला सरावली होती.

जुन्या नोकियात आणखी एक सोय असे, ती आता विस्मरणात गेली आहे. सेल ब्रॉडकास्ट चालू केलं की मनोरा आपल्या भागाचं नाव पडद्यावर झळकवी. एकेका माणसाला न पाठवता आवाक्यातल्या सगळ्या फोनना एकदम दिलेली ती हाळीच. रात्रीच्या गाडीत, खिडकीबाहेर काळोख असताना, कुठपर्यंत आलो हे कळायला नकाशा लागत नसे, इंटरनेट तर नाहीच.

इंटरनेटवाचून पैसेही पाठवता येतात. *९९# ही सेवा ऑगस्ट २०१४ मध्ये देशभर खुली झाली, पण तिचे मेनू पार करता करता घाम फुटतो. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘यूपीआय १२३पे’ आणलं. त्यातल्या चार वाटांपैकी एक चक्क मिस्ड कॉलची आहे: दुकानदाराच्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, उलट फोन येतो, पिन दाबायचा, पैसे पोचले.

सध्या साध्या फोनची अडचण फोनमध्ये नसून रिचार्जमध्ये आहे. पूर्वी दहा रुपयांत काम भागे आणि इनकमिंग चालूच राही. २०१८ च्या अखेरीपासून कंपन्यांनी ठरावीक काळाने किमान रिचार्ज सक्तीचा केला, मग त्यात नको असलेला डेटाही गळ्यात पडू लागला. ज्या फोनवर इंटरनेटच नाही त्याच्या मालकाकडून डेटाचे पैसे घेणं ही उघड लूटच. डिसेंबर २०२४ मध्ये ‘ट्राय’ने फक्त बोलणं आणि एसएमएससाठी वेगळं व्हाउचर देणं कंपन्यांना बंधनकारक केलं आणि विशेष व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेली. गावाकडचं दुसरं सिम नुसतं जिवंत ठेवणाऱ्यांनी २०१३ चा एक नियमही ध्यानात ठेवावा. सिम ९० दिवस वापरलं नाही, पण त्यात निदान २० रुपये शिल्लक असतील, तर नंबर लगेच बंद होत नाही. ते २० रुपये कापून मुदत ३० दिवस वाढते.