कुंकवाची पेटी

आमच्या नेरुळच्या फ्लॅटची ड्राय बाल्कनी म्हणजे माझं वर्कशॉप. वॉशिंग मशीन बाथरूममध्ये गेलं नि तिथे सुतारकामाचं टेबल आलं! (ह्यांनी कपाळाला हात लावला.)

निमित्त सासूबाईंच्या सागवानी कुंकवाच्या पेटीचं. मामंजी गेल्यावर ती माळ्यावर गेली. खाली काढली तर तळ तडकलेला, पण चारही कोपरे घट्ट. एक खिळा नाही! डव्हटेल सांधा, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखे पसरट दात एकमेकांत अडकवलेले. ओढले तरी सुटत नाहीत.

तश्शीच दुसरी करायला घेतली, जुन्या दाराच्या सागाची. कठीण लाकडाला दाताचा उतार आठास एक पुरतो. आधी शेपट्या कापायच्या, मग त्याच दुसऱ्या फळीवर ठेवून आखायचं. करवत रेघेवर नाही, रेघेच्या टाकाऊ बाजूने चालवायची. माझे पहिले दोन कोपरे ढिले झाले, भंगारात गेले. तळाची फळी मात्र खाचेत मोकळीच सरकवली. पावसाळ्यात लाकूड फुगतं, चिकटवली तर तडकते.

कुंकवाखालच्या मेणाचा खण मुद्दामच केला नाही. उगाच त्यांच्या मनाला लागायचं.

सासूबाईंनी झाकण उघडलं. आरशात आपलं मोकळं कपाळ बराच वेळ पाहिलं.

"मेणाचा खण कुठाय गं?"