जुन्या मापनयंत्राची घरगुती दुरुस्ती

अहमदनगर जिल्ह्यांतील (2024 सालीं जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें) एखाद्या जुन्या विद्यालयाची प्रयोगशाळा रिकामी होऊं लागली, कीं भंगाराच्या ढिगांत बहुधा एक काळी, जड पेटी निघते. वर कांच, कांचेखालीं लांब कांटा, कांट्यामागें आरशाची बारीक पट्टी आणि खालीं दोन मोठीं फिरतीं बटनें. हा मल्टिमीटर. विजेचा प्रवाह, दाब आणि रोध हीं तिन्ही मापें एकाच यंत्रानें घ्यावीं, ही कल्पना ब्रिटिश टपाल खात्यांतील डोनाल्ड मॅकॅडी नांवाच्या अभियंत्याची. त्याचें यंत्र 1923 सालीं बाजारांत आलें आणि अँपियर, व्होल्ट, ओहम यांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘अ‍ॅव्हो’ हें नांव मिळालें. पुढें शेजारच्या जिल्ह्यांत, नाशिक रोडला, मोटवाने कंपनीनें याच धर्तीचे मल्टिमीटर तयार केले. सभांतून गाजलेले ‘शिकागो रेडिओ’चे ध्वनिवर्धकही याच मोटवाने घराण्याचे, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणांत नसेल.

असें यंत्र घरीं आणून चालूं करण्याचा छंद निरुपद्रवी दिसतो. परंतु त्यांत एक मेख आहे. रेडिओ दुरुस्त झाला कीं नाहीं, हें कान सांगतो. मापनयंत्राचें तसें नाहीं. कांटा हालूं लागला एवढ्यावरून तें जागें झालें असें म्हणतां येईल; तें खरें बोलतें काय, हें मात्र कळत नाहीं. आणि जिवंत तारेवर शून्य दाखविणारें यंत्र जवळ असण्यापेक्षां यंत्रच नसलेलें बरें.

म्हणून दुरुस्तीस बसणारानें पहिल्या दिवशीं सोल्डरिंग आयर्न हातीं घेऊंच नये, केवळ पाहावें. सेल आंतच विसरून राहिलेले असतात, आणि पाझरून त्यांनीं पत्रे खाल्लेले असतात. अल्कलाइन सेलाची पांढरी पुटें व्हिनेगरच्या दोन थेंबांनीं निघतात, जुन्या जस्ताच्या सेलाची घाण खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें पुसावी, मग स्पिरिट. अकोल्याच्या घाटमाथ्यावर पावसाळे काढलेल्या यंत्राच्या स्विचावर हिरवा गंज चढतो, तर पाथर्डी-जामखेडकडील यंत्रांत धूळच धूळ असते. सर्वांत सामान्य दुखणें मात्र हवामानाचें नसून विद्यार्थ्याचें असतें. बटन रोधावर ठेवून कोणीतरी टोंकें थेट भिंतीवरील प्लगांत घातलेलीं असतात! आंतील एखादा रेझिस्टन्स जळून कोळसा होतो. त्याचें मूल्य रंगांवरून वाचतां येत नसेल, तर आकृतीवरून काढावें आणि एक टक्का अचूकतेचा नवा बसवावा.

यंत्राचें काळीज म्हणजे लोहचुंबकाच्या फटींत फिरणारें तारेचें वेटोळें. त्याच्या दोहों बाजूंस केंसासारख्या कमानी असतात. ज्या टेबलावर कानस चालली असेल, तेथें हें काळीज कदापि उघडूं नये. लोखंडाचा एखादा कण फटींत शिरला, कीं कांटा ठराविक जागीं अडतो. तो कण चिकटपट्टीच्या अरुंद तुकड्यानें हलकेंच टिपून काढावा. कमानीला बोट लावण्याचा मोह आवरावा. येथें हौशी माणसाचा उत्साहच यंत्राचा काळ ठरतो. प्लास्टिकचें झांकण असलेल्या यंत्राची एक गंमत आहे. नगरकडील कोरड्या हिंवाळ्यांत तें झांकण सुक्या फडक्यानें पुसलें, तर कांटा आपोआप वर चढतो आणि मालक घाबरतो. तो दोष नव्हे. घर्षणाची वीज आहे. झांकणावर तोंडाची वाफ सोडली, कीं कांटा खालीं येतो.

मल्टिमीटरच्या पोटांत बहुधा सेलांपलीकडे विजेचा साठा नसतो. व्हॉल्व्हच्या ऑसिलोस्कोपचें, म्हणजे विजेच्या लाटेचें चित्र पडद्यावर काढणाऱ्या यंत्राचें, तसें नाहीं. तेथें हजार-दोन हजार व्होल्ट असूं शकतात, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सर तो साठा धरून बसतात. प्रथम योग्य रोधांतून ते रिकामे करावे. एक हात पाठीशीं ठेवावा. घरांत दुसरें माणूस असल्याशिवाय झांकण काढूं नये. वर्षानुवर्षें पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सराचा आंतील ऑक्साइडचा पापुद्रा विरलेला असतो. त्यास एकदम पुरा दाब दिला, तर तो तापून फुटतो. म्हणून 60 वॅटचा जुना तारेचा दिवा (एलईडी येथें कामाचा नाहीं) यंत्राशीं एकसरींत जोडावा. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. तेजानें जळतच राहिला तर आंत शॉर्ट आहे असें समजून वीज तोडावी.

आतां सत्यतेची परीक्षा. घरीं प्रमाणित साधन कोठून असणार? परंतु दोन निरनिराळ्या बनावटीचे नवे डिजिटल मीटर एकच आंकडा दाखवीत असतील, तर त्यांची साक्ष घ्यावी. सर्व पट्ट्यांवर चूक सारख्याच प्रमाणांत असेल, तर दोष बहुधा चुंबकांत किंवा वेटोळ्यांत. एकाच पट्टीवर असेल, तर त्या पट्टीच्या रेझिस्टन्सांत. ऑसिलोस्कोपला छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून घरची वीज दाखवावी: 50 आवर्तनांच्या विजेची एक लाट 20 मिलिसेकंदांची असते, तेवढीच ती पडद्यावर भरली पाहिजे. कांट्याच्या यंत्राची अचूकता संपूर्ण पट्टीवर मोजतात, हेंही ध्यानांत ठेवावें. 100 व्होल्टांच्या पट्टीवर दोन टक्के म्हणजे दोन व्होल्ट; त्याच पट्टीवर दहा व्होल्ट वाचले, तर ती चूक वीस टक्क्यांची होते.

एवढें करून खरें ठरलेलें यंत्रही टेबलावरच राहूं द्यावें. राहुरी, श्रीरामपूर, नेवासें या उंसाच्या पट्ट्यांत विहिरीवरील पंपाच्या पेटींत दोन फेजांमध्यें सुमारें 415 व्होल्ट असतात, आणि जुन्या यंत्रांची घडण आजच्या सुरक्षेच्या कसोट्या ठरण्यापूर्वींची आहे. त्या पेटीसाठीं ‘कॅट-तीन, 600 व्होल्ट’ असा शिक्का असलेला नवा मीटर घ्यावा. तोही आधीं चालूं असलेल्या प्लगवर लावून पाहावा, मग पेटींतील तारेवर लावावा, आणि तेथें शून्य दिसलें तरी तारेस हात लावण्यापूर्वीं पुन्हा एकदां त्याच चालूं प्लगवर लावून पाहावा.