मंदीतील घरबाजार आणि कौटुंबिक बांधकाम व्यवसाय : भिलाईच्या निमित्ताने

सार्वजनिक क्षेत्रातील एखाद्या मोठ्या कारखान्याभोवती शहर वसते, तेव्हा तेथील जमिनीचा आणि घरांचा बाजार इतर शहरांप्रमाणे चालत नाही. छत्तीसगढमधील भिलाई हे याचे ठळक उदाहरण होय. २ फेब्रुवारी १९५५ रोजी तत्कालीन सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून येथील पोलाद प्रकल्प उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. (करार झाला तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती, हे मराठी वाचकास ध्यानात ठेवण्याजोगे आहे.) कारखान्याबरोबरच कामगारांसाठी क्रमांकांच्या सेक्टरांचे नियोजित नगर आखण्यात आले. सेक्टर ६ हा त्याच नगराचा भाग. रुंद रस्ते, झाडी, शाळा आणि ठरावीक साच्याची निवासस्थाने असलेल्या या सेक्टरांतील जमीन कारखान्याकडे, म्हणजे आता भारतीय पोलाद प्राधिकरण अर्थात ‘सेल’कडे आहे. तेथे खासगी बांधकाम व्यावसायिकाने भूखंड घेऊन इमारत उभारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

सन २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सेलने आपल्या नगरांतील काही निवासस्थाने दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने कर्मचारी व माजी कर्मचाऱ्यांना दिली. परंतु भाडेपट्टा म्हणजे पूर्ण मालकी नव्हे. त्यामुळे खरा खुला बाजार निर्माण झाला तो सेक्टरांच्या बाहेर. मुंबई–हावडा लोहमार्गाच्या उत्तरेकडील सुपेला, नेहरूनगर, स्मृतीनगर, कोहका, जुनवानी आणि पलीकडे दुर्ग शहर या पट्ट्यात. येथील प्रकल्प बव्हंशी लहान असतात आणि ते उभारणाऱ्या संस्थाही बहुधा कौटुंबिक असतात. वडिलांनी जमीन घेतली, एका मुलाने बांधकाम पाहिले, दुसऱ्याने विक्री आणि बँक सांभाळली, असे या व्यवसायाचे सर्वसाधारण स्वरूप. अशा व्यवसायाला मंदीचा तडाखा कसा बसतो आणि कायदा व करव्यवस्था त्यात कोठे आडवी येते किंवा हात देते, हे समजून घेणे अर्थशास्त्राच्या व लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्यांस उपयुक्त ठरेल.

मागणीचा स्रोत

कारखान्याच्या निवासस्थानात राहणाऱ्या कामगारास नोकरीच्या काळात घराची निकड नसते. सेवानिवृत्तीनंतर मात्र निवासस्थान सोडावे लागते आणि त्याच वेळी भविष्य निर्वाह निधी व उपदान यांची एकरकमी रक्कम हाती येते. स्वाभाविकपणे भिलाईच्या खुल्या बाजारातील ग्राहकांचा एक महत्त्वाचा वर्ग सेवानिवृत्तांचा व निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्यांचा राहिला आहे. हा ग्राहक कर्जावर फारसा अवलंबून नसतो. मात्र त्याच्याकडे दुसरी संधीही नसते. आयुष्यभराची पुंजी त्याने एका अपूर्ण इमारतीत गुंतवली आणि ती इमारत थांबली, तर त्याला पुन्हा कमावण्यास वेळ उरलेला नसतो. म्हणून येथील एखाद्या लहान कुटुंबसंस्थेचे अपयश ही केवळ त्या कुटुंबाची खासगी बाब राहत नाही.

कारखान्यातील नियमित कर्मचाऱ्यांची संख्या गेल्या काही दशकांत मोठ्या प्रमाणात घटली. म्हणजे निवृत्तांची मोठी लाट ओसरल्यावर तिची जागा घेणारे नवे नोकरदार संख्येने कमी. भिलाईत भारतीय तंत्रज्ञान संस्था आल्याने आणि रायपूर–दुर्ग पट्ट्याच्या वाढीने काही नवी मागणी आली, हे खरे. परंतु ती वेगळ्या प्रकारची आहे. भाड्याने राहणारा विद्यार्थी वा तरुण नोकरदार आणि घर विकत घेणारा निवृत्त कामगार यांना एकच सदनिका सोयीची असेलच असे नाही.

विलंबाचे गणित

मंदी म्हणजे भाव कोसळणे, असा सर्वसाधारण समज आहे. घरांच्या बाजारात बहुधा तसे घडत नाही. भाव वरकरणी स्थिर राहतात आणि विक्रीचा वेग मंदावतो. व्यावसायिकास खरी झळ पोहोचते ती या मंदावलेल्या वेगाची. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या कुटुंबाने १० कोटी रुपयांचा प्रकल्प हाती घेतला. त्यात जमिनीसह स्वतःचे ३ कोटी, बँकेचे कर्ज ३ कोटी आणि उर्वरित ४ कोटी ग्राहकांच्या हप्त्यांतून. व्याजासह सर्व खर्च धरून तीन वर्षांत १२ कोटींची विक्री अपेक्षित, म्हणजे नफा २ कोटी. आता विक्री दोन वर्षे लांबली आणि कर्जाची मुद्दल तशीच राहिली असे समजू. १२ टक्के दराने वर्षाला ३६ लाख, म्हणजे दोन वर्षांत ७२ लाख रुपये जादा व्याज. कार्यालय, राखण व देखभाल यांचे वर्षाला १५ लाख धरले तर आणखी ३० लाख. नफा ९८ लाखांवर आला. त्यातच एकूण विक्रीवर ५ टक्के सूट द्यावी लागली तर ६० लाख गेले. हाती उरले ३८ लाख. स्वतःचे ३ कोटी रुपये पाच वर्षे बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते तर सरळव्याजानेही साडेसत्त्याण्णव लाख मिळाले असते. इमारत पूर्ण झाली, सर्व घरे विकली गेली, कागदावर नफाही दिसला, तरी कुटुंब प्रत्यक्षात मागे पडले.

येथे एक बाब नमूद करणे आवश्यक आहे. रिझर्व्ह बँकेच्या धोरणानुसार खासगी विकासकास जमीन खरेदीसाठी बँका कर्ज देत नाहीत. त्यामुळे जमिनीत कुटुंबाचा स्वतःचा पैसा अडकतो किंवा खासगी सावकारीकडे वळावे लागते. यावर सुज्ञ उपाय म्हणजे जमीनमालकाशी संयुक्त विकास करार करणे. मालकाने जमीन द्यावी, विकासकाने बांधावे आणि घरे वाटून घ्यावीत. अशा करारात व्यक्ती वा हिंदू अविभक्त कुटुंब असलेल्या जमीनमालकावरील भांडवली नफ्याचा कर बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळेपर्यंत पुढे ढकलण्याची तरतूद २०१७ च्या वित्त अधिनियमाने केली. लहान व्यावसायिकांना या तरतुदीचा मोठा आधार झाला.

भाव उतरवण्यास असलेला अडसर

विक्री होत नसेल तर भाव कमी करावा, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा. घरांच्या बाबतीत मात्र तो सरळ लागू पडत नाही. प्रत्येक राज्य मुद्रांक शुल्कासाठी स्थावर मालमत्तेचे किमान मूल्य ठरवते. महाराष्ट्रात त्यास बोलीभाषेत ‘रेडी रेकनर’, तर छत्तीसगढमध्ये ‘गाइडलाइन दर’ म्हणतात. या दराहून कमी किमतीला घर विकले, तरी शुल्क या दरानेच आकारले जाते. शिवाय आयकर कायद्यानुसार फरक १० टक्क्यांहून अधिक असल्यास विक्रेत्याचे उत्पन्न शासकीय दरानेच मोजले जाते आणि तोच फरक खरेदीदाराच्या उत्पन्नातही धरला जातो.

समजा, शासकीय दर चौरस फुटास ३,००० रुपये आहे आणि अडचणीतील विकासक १,००० चौरस फुटांची सदनिका २,६०० रुपये दराने, म्हणजे २६ लाखांना विकू इच्छितो. २६ लाखांच्या ११० टक्के म्हणजे २८ लाख ६० हजार. शासकीय मूल्य ३० लाख असल्याने हा व्यवहार सवलतीच्या मर्यादेबाहेर जातो. न मिळालेल्या ४ लाखांवर विकासकास कर द्यावा लागतो आणि ग्राहकासही. मर्यादेत राहायचे असेल तर २,७२७ रुपयांच्या खाली उतरता येत नाही. नोव्हेंबर २०२० ते जून २०२१ या काळात, महामारीच्या पार्श्वभूमीवर, दोन कोटींपर्यंतच्या नव्या घरांच्या पहिल्या विक्रीसाठी ही मर्यादा तात्पुरती २० टक्के करण्यात आली होती. प्रस्तुत लेखकाच्या मते ती कायम ठेवावयास हरकत नव्हती. शासकीय दर बाजाराच्या मागे धावतात, आणि बाजार उतरत असताना मागे राहिलेला दर हा चढा दर असतो.

छत्तीसगढने या बाबतीत एक लक्षणीय प्रयोग केला. २५ जुलै २०१९ पासून गाइडलाइन दरांत ३० टक्के कपात करण्यात आली आणि महसुलाची तूट भरून काढण्यासाठी नोंदणी शुल्क ०.८ टक्क्यांवरून ४ टक्के करण्यात आले. ही सवलत मार्च २०२४ अखेर संपुष्टात आली. त्यानंतर २० नोव्हेंबर २०२५ पासून अनेक वर्षांनी सुधारित दर लागू झाले. काही भागांत वाढ इतकी मोठी होती की व्यावसायिकांनी तीव्र विरोध केला आणि डिसेंबर २०२५ मध्ये शासनाला मूल्यांकनाच्या काही तरतुदी शिथिल कराव्या लागल्या. परीक्षार्थींनी येथे दोन्ही बाजू पाहाव्यात. कमी दरामुळे व्यवहार सुलभ होतात, परंतु भूसंपादनात शेतकऱ्यास मिळणारी भरपाईही याच दरांशी निगडित असते.

फिरवाफिरवीचा अंत

पूर्वी अनेक संस्था एका प्रकल्पाच्या ग्राहकांचा पैसा दुसऱ्या प्रकल्पाच्या जमिनीत घालीत. तेजीत हे चाक फिरत राहते, मंदीत ते पहिल्या खड्ड्यात अडकते. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ म्हणजेच ‘रेरा’ १ मे २०१७ पासून पूर्णतः अमलात आला आणि ग्राहकांकडून मिळणाऱ्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र बँक खात्यात ठेवणे बंधनकारक झाले. अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांच्या दाखल्यानंतर, कामाच्या प्रमाणातच ती काढता येते. लेखी करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांहून अधिक आगाऊ रक्कम घेता येत नाही. ताबा लांबल्यास ग्राहकास व्याजासह परतावा मागण्याचा हक्क आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतचे क्षेत्र किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पांना नोंदणीतून सूट आहे. अनेक कुटुंबसंस्था नेमक्या या उंबरठ्यावर काम करतात. ही सूट घेण्याचा मोह समजण्यासारखा असला, तरी नोंदणी क्रमांक नसलेल्या इमारतीकडे सावध ग्राहक आता साशंकतेने पाहतो.

नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, मे २०१७ चा रेरा, जुलै २०१७ चा वस्तू व सेवा कर, सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस समूहाच्या थकबाकीनंतर आटलेला बिगरबँक वित्तपुरवठा आणि २०२० ची महामारी, असे धक्के लहान व्यावसायिकास एकापाठोपाठ सोसावे लागले. रखडलेल्या प्रकल्पांसाठी केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१९ मध्ये २५ हजार कोटींचा ‘स्वामीह’ निधी जाहीर केला व २०२५ च्या अर्थसंकल्पात १५ हजार कोटींच्या दुसऱ्या निधीची घोषणा केली. तथापि सुपेल्यातील वीस-तीस घरांच्या प्रकल्पापर्यंत असा निधी सहसा पोहोचत नाही.

घर गहाण पडते तेव्हा

कुटुंबसंस्थेचे बळ म्हणजे विश्वास, आणि तिचा धोकाही तोच. बँक कर्ज देताना संचालकांची वैयक्तिक हमी मागते. आई, भाऊ, भावजय असे सर्व जण सही करतात. मर्यादित दायित्वाची कंपनी असली तरी या सहीने दायित्वाची मर्यादा प्रत्यक्षात पुसली जाते. नादारी व दिवाळखोरी संहितेतील वैयक्तिक हमीदारांविषयीच्या तरतुदी १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाल्या आणि ‘ललितकुमार जैन विरुद्ध भारत संघ’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २१ मे २०२१ रोजी त्या वैध ठरवल्या. कंपनीची पुनर्रचना मंजूर झाली म्हणून हमीदार आपोआप मुक्त होत नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. दुसरीकडे, २०१८ च्या दुरुस्तीने घरखरेदीदारांना वित्तीय धनकोचा दर्जा मिळाला. २०२० पासून प्रक्रिया सुरू करण्यासाठी एकाच प्रकल्पातील किमान १०० किंवा १० टक्के, यांपैकी जे कमी असेल तितके खरेदीदार एकत्र येणे आवश्यक आहे. तीस घरांच्या इमारतीत ही संख्या तीनवर येते, हे विकासकाने विसरू नये.

भागीदारी संस्थेत करारात वेगळी तरतूद नसेल तर १९३२ च्या कायद्यानुसार एका भागीदाराच्या मृत्यूने संस्था विसर्जित होते. मंदीच्या ऐन मध्यावर ज्येष्ठ भागीदार गेला तर बँक, ग्राहक आणि वारस तिघेही एकाच वेळी दारात उभे राहतात. वडिलोपार्जित जमिनीत मुलींचाही जन्मतः समान हक्क असल्याचे २००५ च्या दुरुस्तीने व ११ ऑगस्ट २०२० च्या ‘विनीता शर्मा’ निकालाने निर्विवाद झाले आहे. बहिणींची संमती गृहीत धरून विकासास काढलेली जमीन ग्राहकाच्या दृष्टीने सदोष हक्काची ठरू शकते. २००८ च्या कायद्याने उपलब्ध झालेली मर्यादित दायित्व भागीदारी ही येथे अधिक सोयीची रचना होय.

कर्ज मिळेनासे झाले की परिचितांकडून ठेवी घेण्याचा मार्ग खुणावतो. पुण्यातील डी. एस. कुलकर्णी समूहाचे उदाहरण महाराष्ट्रास ज्ञात आहे. ठेवी परत न मिळाल्याच्या तक्रारींवरून २०१७ मध्ये गुन्हा नोंदवला गेला, फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रवर्तकांना अटक झाली आणि पुढे कंपनी नादारी प्रक्रियेत गेली. ठेवीदारांत सेवानिवृत्त मोठ्या संख्येने होते. २०१९ मध्ये अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदाही झाला.

उपलब्ध वाटा

प्रकल्प टप्प्याटप्प्याने नोंदवणे ही यांतील सर्वांत परिणामकारक वाट म्हणावी लागेल. रेरा कायदा प्रत्येक टप्प्यास स्वतंत्र प्रकल्प मानतो. म्हणून चार इमारतींऐवजी एकच नोंदवून, ती विकली गेल्यावर पुढील घेणे शक्य होते. करांच्या बाजूने पाहता, १ एप्रिल २०१९ पासून परवडणाऱ्या घरांवर १ टक्का व इतर घरांवर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. मात्र साहित्यावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. भिलाईसारख्या शहरात ९० चौरस मीटर चटईक्षेत्र व ४५ लाखांपर्यंतचे घर ‘परवडणारे’ गणले जाते, आणि येथील बाजार बऱ्याच अंशी या मर्यादेत बसू शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील कर २८ वरून १८ टक्के झाल्याचा लाभ, वजावट नसल्यामुळेच, थेट खर्चात दिसतो. रिझर्व्ह बँकेने रेपो दरही फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात ६.५ वरून ५.२५ टक्क्यांवर आणला.

न विकलेल्या घरांच्या बाबतीत, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून दोन वर्षे त्यांवर काल्पनिक भाड्याचा कर लागत नाही. २०१९ पूर्वी ही मुदत एक वर्ष होती. तिसऱ्या वर्षी मात्र रिकामे घरही करपात्र उत्पन्न देते असे कायदा मानतो. तेव्हा जुनवानीकडच्या शैक्षणिक परिसरात घरे भाड्याने देऊन व्याजापुरती तरी रक्कम उभी करावी की सूट देऊन विकून टाकावीत, हा निर्णय कुटुंबाला दुसरे वर्ष संपण्यापूर्वी घ्यावा लागतो. कर्जाचा दर भाड्याच्या उत्पन्नाच्या दराहून बराच अधिक असल्याने, कर्ज शिल्लक असेपर्यंत विक्री आणि कर्ज फिटल्यावरच भाडे, असा क्रम बहुतेक वेळा फायद्याचा ठरतो.