घर पुण्यास, कचेरी कोठेंच नाहीं

मध्यंतरीं आमच्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनीं मला विचारलें, "मास्तर, तुमची कन्या हल्लीं घरींच दिसते. नोकरी सुटली वाटतें?" मीं सांगितलें, "सुटली नाहीं. ती एका परदेशी कंपनीचें काम करते." "मग त्या कंपनीची कचेरी कोठें आहे?" या प्रश्नाचें उत्तर मला देतां येईना, कारण त्या कंपनीला कचेरीच नाहीं! मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि उभा जन्म मुलांची हजेरी घेण्यांत घालविलेला मनुष्य. जो बाकावर दिसतो तो हजर, ही माझी व्याख्या. हा नवा प्रकार समजून घेण्यास मला वेळ लागला. जें समजलें तें आज आपल्यापुढें मांडतों.

ही पद्धत कोरोनाच्या सांथीनें जन्मास घातली, असा पुष्कळांचा समज आहे. सांथीनें ती घरोघर पोंचविली, इतकेंच. माणसानें रोज कामाकडे धांवण्याऐवजीं कामच माणसाकडे कां पाठवूं नये, हा विचार जॅक निलेस या अमेरिकन गृहस्थांनीं १९७३ सालींच मांडला होता. आपल्याकडे १९८५ सालीं टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीनें बंगळूरास शाखा काढली आणि तेथें झालेलें काम उपग्रहामार्फत अमेरिकेस जाऊं लागलें. पण तेथें कचेरी होती, टेबलें होतीं, साहेब होता. आतां तेंहि उरलें नाहीं.

गिटलॅब नांवाच्या कंपनीचें उदाहरण घेऊं. संगणकाच्या कार्यक्रमकारांना लागणारें साहित्य ती तयार करते. २०११ सालीं युक्रेनमधील खार्किव्ह येथें एका तरुणानें तें काम सुरू केलें. पुढें एक डच गृहस्थ त्याला येऊन मिळाला. २०२१ च्या ऑक्टोबरांत कंपनीचे भाग अमेरिकेच्या शेअरबाजारांत आले, तेव्हां तिचीं माणसें ६० हून अधिक देशांत विखुरलेलीं होतीं आणि मुख्य कचेरी अशी नव्हतीच. मग हा कारभार चालतो कसा? लेखणीवर! कंपनीच्या कामाचे नियम हजारों पानांच्या एका पुस्तिकेंत लिहून ठेवलेले असून ती पुस्तिका कोणीहि उघडून वाचावी. याचें कारण घड्याळांत आहे. उन्हाळ्यांत पुण्यास सकाळचे दहा वाजतात तेव्हां ॲम्स्टरडॅमला पहांटेचे साडेसहा आणि सॅन फ्रॅन्सिस्कोला आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. तिघांना सोयीची अशी वेळच नाहीं. तोंडीं विचारून काम करूं म्हणणारा दिवसभर खोळंबतो. लिहून ठेवलेलें मात्र ज्याला त्याला आपल्या वेळीं वाचतां येतें. निबंधाच्या वह्या तपासतांना "मोजकें लिहा, स्पष्ट लिहा" असें मी लाल शाईनें लिहीत असें, तेव्हां मुलें हंसत. आतां त्याच गोष्टीचा पगार मिळतो, हें पाहून मला थोडें समाधान वाटतें, हें कबूल केलें पाहिजे.

घरीं काम नीट होतें काय? निकोलस ब्लूम या अर्थशास्त्रज्ञांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं चीनमधील सीट्रिप या प्रवासी कंपनींत हें नऊ महिने पडताळून पाहिलें. घरीं बसून टेलिफोनचें काम करणारांचें काम १३ टक्क्यांनीं वाढलें आणि नोकरी सोडणारांचें प्रमाण निम्म्यावर आलें. परंतु कामाच्या मानानें त्यांना बढती कमी मिळाली. शिवाय प्रयोग संपल्यावर फिरून निवड करण्यास सांगितलें, तेव्हां घरीं काम केलेल्यांपैकीं कितीतरी जण एकटेपणाला कंटाळून कचेरींत परतले. या प्रयोगांत भाग घेण्यास घरीं स्वतंत्र खोली असणें आवश्यक होतें, हें विसरूं नये. आपल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत, कुकरच्या शिट्ट्या चालू असतांना, तोच निकाल येईल असें मला वाटत नाहीं.

आतां ज्या गोष्टीसाठीं मीं हा विषय निवडला, तिच्याकडे वळतों. माझ्या मुलीची पहिली परदेशी नोकरी ही नोकरी नव्हतीच. पगाराचा आंकडा ऐकून मींच पेढे वांटले. करारनामा वाचला नाहीं. त्यांत तिला "स्वतंत्र कंत्राटदार" म्हटलें होतें. प्रॉव्हिडंट फंड नाहीं, ग्रॅच्युइटी नाहीं, पगारी रजा नाहीं. दुसऱ्या वर्षीं तिला दिवस गेले. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीनें बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, आणि त्यानंतरहि कामाचें स्वरूप तसें असल्यास घरून काम देण्याची तरतूद आली. पण हें सारें नोकरास, कंत्राटदारास नाहीं. कंपनीनें फार सौजन्यानें लिहिलें कीं, हवी तितकी सुटी घ्या, मात्र न केलेल्या दिवसांचे पैसे मिळणार नाहींत. पुढें महिन्याभराच्या सूचनेनें करारच संपविला. दाद मागावी तर या देशांत त्या कंपनीची ना कचेरी, ना नोंदणी.

कंपन्या असें कां करितात? केवळ दुष्टपणा म्हणून नव्हे. एकदोन माणसांसाठीं परक्या देशांत कंपनी स्थापणें महाग पडतें. शिवाय तेथें आपली कायम आस्थापना आहे असें सरकारनें ठरविलें, तर नफ्यावर कर बसतो. म्हणून हल्लीं मध्यस्थ संस्था निघाल्या आहेत. अशी संस्था येथें नोंदलेली असते आणि कायद्याच्या दृष्टीनें तीच मालक ठरते. पगार, कर, फंड, रजा हें सारें ती पाहते आणि परदेशी कंपनीकडून दरमाणशीं महिना फी घेते. माझी मुलगी आतां अशाच व्यवस्थेंत आहे. पगार थोडा कमी, पण फंड कापला जातो.

कागदावर "कंत्राटदार" लिहिल्यानें सारें संपतें असेंहि नाहीं. मिठागरांत काम करणाऱ्या अगरियांना मालक कंत्राटदार म्हणत होता; काम कोणाच्या देखरेखीखालीं चालतें हें पाहून आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९५६ च्या अखेरीस त्यांना कामगार ठरविलें. पण तेथें मालक सौराष्ट्रांत होता, सांपडत होता.

पुढील काळाविषयीं दोन मतें ऐकूं येतात. ॲमेझॉननें २०२५ च्या जानेवारीपासून कचेरींतील नोकरांना आठवड्याचे पांचहि दिवस परत बोलाविलें, म्हणून हें खूळ ओसरलें असें कांहीं म्हणतात. मला तसें वाटत नाहीं. काम एकदां पुण्यापर्यंत आलें, तसें तें उद्यां मनिला किंवा नैरोबीसहि जाईल. आमच्या मुलांची स्पर्धा तेथल्या मुलांशीं आहे. कामाच्या तासांनंतर निरोपास उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्सनें २०१७ पासून मान्य केला. आपल्या लोकसभेंत सुप्रिया सुळे यांनीं २०१८ सालीं तसें खासगी विधेयक मांडलें होतें. त्याचा कायदा झाला नाहीं. आमच्या घरीं जेवणाचीं पानें अजून साडेनवानंतर मांडलीं जातात, कारण अमेरिकेची सभा साडेआठला असते.

नवा करारनामा मात्र मीं चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. मालक कोण, कोणत्या देशाचा कायदा लागू, सूचना किती दिवसांची, पगार रुपयांत कीं डॉलरांत, हीं उत्तरें सांपडलीं. बाळंतपणाच्या रजेचें कलम कोठें दिसेना. मुलगी म्हणाली, "बाबा, लेखी विचारतें." सकाळीं उत्तर आलें होतें, आणि सहीच्या अगोदर तें कलम करारांत घातलें गेलें.