ख्रिस्ती उपासनावर्ष आणि प्रवचन : विश्वास, कृतज्ञता व ऐक्य

धर्मप्रवचनाचा अभ्यास करताना वक्त्याची विद्वत्ता, त्याची शैली आणि त्याने निवडलेला विषय ह्यांकडे प्रथम लक्ष जाते. ख्रिस्ती परंपरेत मात्र ह्या तिहींच्या आधी आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. ती म्हणजे प्रवचनाचा दिवस. ज्या मंडळ्या उपासनावर्ष पाळतात, त्यांत प्रवचनकार आधी विषय ठरवून मग त्याला पोषक असे वचन शोधीत नाही. त्या दिवसासाठी नेमलेले शास्त्रपाठ आधी वाचले जातात आणि प्रवचन त्यांच्या मागून येते. त्यामुळे विश्वास, कृतज्ञता व ऐक्य हे केवळ प्रवचनाचे विषय राहत नाहीत. वर्षाच्या चक्रात त्यांना आपापली स्थाने प्राप्त होतात. ही स्थाने कशी ठरली आणि त्यांमुळे प्रवचनकारावर कोणते बंधन आले, हे पाचव्या शतकातील दोन प्रवचनकारांच्या आधारे स्पष्ट होते. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (मृत्यू ४३०) आणि रोमचा बिशप पहिला लिओ (कार्यकाल ४४०–४६१) हे ते दोघे होत.

ह्या वर्षाला दोन आस आहेत. पुनरुत्थानाचा सण चंद्रगतीवर अवलंबून असतो. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढील रविवारी तो येतो. सर्व मंडळ्यांनी तो एकाच दिवशी पाळावा, असा निर्णय ३२५ साली नायसियाच्या परिषदेत झाला. नाताळ सौर दिनांकाशी बांधलेला असून २५ डिसेंबर ह्या दिवसाची स्पष्ट नोंद ३५४ सालच्या एका रोमन संकलनात आढळते. पहिल्या सणाभोवती उपवासकाळ व त्यानंतरचे पन्नास दिवस, आणि दुसऱ्याभोवती आगमनकाल, अशी वर्षाची घडण कालांतराने पूर्ण झाली. आज पाश्चात्त्य परंपरेत नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे आगमनाच्या पहिल्या रविवारी, वर्षाला आरंभ होतो.

विश्वासाचे स्थान पुनरुत्थानाच्या सणाशी निगडित आहे. ऑगस्टीनच्या काळी बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांना उपवासकाळाच्या उत्तरार्धात मतांगीकार तोंडी शिकविला जाई. तो लिहून न ठेवता पाठ करावा आणि काही दिवसांनी सर्वांसमोर म्हणून दाखवावा, अशी रीत होती. त्या प्रसंगीची ऑगस्टीनची प्रवचने उपलब्ध आहेत. कागदावर उतरविलेले वचन मनुष्याबाहेर राहते, स्मरणात ठेवलेले त्याच्या जीवनात उतरते, हा त्यांतील मुख्य विचार होय. विश्वास म्हणजे काही विधानांना दिलेली बौद्धिक संमती एवढाच अर्थ येथे नाही. जे स्वीकारले ते साक्षीदारांसमोर उच्चारणे हाही त्याचाच भाग आहे. ह्याच क्रमात एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. १९६९ साली रोमन कॅथलिक चर्चने प्रसिद्ध केलेली त्रैवार्षिक पाठावली आणि अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी स्वीकारलेली १९९२ची सुधारित सामाईक पाठावली ह्या दोहोंत बहुतेक रविवारांचे शुभवर्तमान वर्षागणिक बदलते. परंतु पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या पहिल्याच रविवारी तिन्ही वर्षी थोमाच्या संशयाचीच कथा वाचली जाते. विश्वासाच्या सर्वोच्च उत्सवापाठोपाठ संशयाला दिलेले हे नियत स्थान प्रवचनकाराला टाळता येत नाही.

कृतज्ञतेचा संबंध निसर्गचक्राशी येतो. लिओच्या उपलब्ध प्रवचनांची संख्या शंभराच्या आसपास असून त्यांत डिसेंबरातील उपवासावरील प्रवचनांचा एक स्वतंत्र गट आहे. जुन्या रोमन गणनेनुसार डिसेंबर हा दहावा महिना. सर्व पिके घरात आल्यानंतर हा उपवास येई. धान्याची कोठारे भरली असता उपवास का करावा, ह्या प्रश्नाला लिओचे उत्तर असे की, उपकारस्तुती मुखाने पुरी होत नाही. मनुष्याने स्वतःच्या ताटातून जे वगळले ते गरिबाच्या ताटात गेले पाहिजे. तसे न झाल्यास उपवास ही केवळ काटकसर ठरते. येथे कृतज्ञता भावनेच्या क्षेत्रातून निघून वाटपाच्या क्षेत्रात येते. पीक सर्वत्र एकाच वेळी येत नसल्यामुळे हा सण स्थलकालानुसार सरकत राहिला. इंग्लंडमध्ये आज प्रचलित असलेला हंगामाचा सण कॉर्नवॉलमधील मॉर्वेनस्टो येथे रॉबर्ट स्टीफन हॉकर ह्या पाळकाने १८४३ साली सुरू केलेल्या उपासनेपासून रूढ झाला. भारतातील अनेक मंडळ्यांत उपासक धान्य, भाजीपाला व फळे वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. दिवस मात्र त्या त्या प्रदेशातील पिकांप्रमाणे ठरतो. विश्वासाचा सण सर्वांचा एक असावा म्हणून परिषद भरवावी लागली. कृतज्ञतेचा सण मात्र स्थानिक राहिला, आणि तसे राहण्यातच त्याचे औचित्य आहे.

ऐक्याचा प्रश्न ह्या दोहोंहून अवघड आहे. ऑगस्टीनने तो पन्नासाव्या दिवसाशी, म्हणजे पेंटेकॉस्टशी, जोडला. त्या दिवशी प्रेषित अनेक भाषा बोलू लागले. आता तसे का घडत नाही, ह्या शंकेचे समाधान करताना तो सांगतो की, तेव्हा एकेक मनुष्य सर्व भाषा बोलत होता, आता एकच मंडळी सर्व भाषांतून बोलते. जो तिच्यात आहे, त्याच्या सर्व भाषा झाल्या. अनेक दाणे दळून, पाण्याने मळून व भाजून एक भाकर होते, हे रूपकही त्याने प्रभुभोजनाच्या संदर्भात नवदीक्षितांसमोर मांडले. ही प्रवचने निव्वळ तात्त्विक नव्हती. उत्तर आफ्रिकेतील ख्रिस्ती समाज त्या वेळी कॅथलिक व डोनेटिस्ट अशा दोन पक्षांत दुभंगला होता, आणि खरी मंडळी आफ्रिकेत आपल्यातच उरली आहे, असा डोनेटिस्टांचा दावा होता. सर्व भाषांच्या मंडळीचे चित्र हे त्या दाव्याला दिलेले उत्तर होते.

परंतु ह्याच ठिकाणी प्रवचनाची कसोटी लागते. ४११ साली कार्थेज येथे दोन्ही पक्षांच्या बिशपांची परिषद झाली आणि निर्णय डोनेटिस्टांच्या विरुद्ध गेला. ४१२च्या राजाज्ञेने त्यांच्यावर दंड बसविले व त्यांची उपासनास्थाने काढून घेतली. आरंभी बळजबरीला प्रतिकूल असलेल्या ऑगस्टीनने पुढे मेजवानीच्या दृष्टान्तातील ‘आत येण्यास भाग पाड’ ह्या आज्ञेच्या आधारे राजसत्तेच्या दडपणाचे समर्थन केले. अनेक भाषांचा गौरव करणारे प्रवचन आणि वेगळ्या मतावर बसविलेला दंड, ही दोन्ही एकाच काळातील व एकाच व्यक्तीशी निगडित आहेत. ऐक्य म्हणजे दुसऱ्याने आपल्यात सामील होणे, असा अर्थ केला की सुंदर रूपकही बळजबरीला वाव देते, हा त्यातील धडा होय.

विसाव्या शतकात हाच प्रश्न पंचांगात पुन्हा उपस्थित झाला. १९०८ साली न्यूयॉर्क राज्यातील ग्रेमूर येथे पॉल वॉटसन ह्यांनी १८ ते २५ जानेवारी हा प्रार्थनेचा अष्टाह सुरू केला. त्यामागे रोमशी पुनर्मीलनाची अपेक्षा होती. १९३०नंतरच्या दशकात ल्याँ येथील धर्मगुरू पॉल कुतुरिये ह्यांनी त्याचा आशय बदलला. ख्रिस्ताला हवे तसे व त्याच्या मार्गाने ऐक्य व्हावे, अशी प्रार्थना प्रत्येकाने आपल्या परंपरेत राहून करावी, असे त्यांनी सुचविले. १९६८पासून ह्या सप्ताहाचे साहित्य जागतिक चर्च परिषद व रोम ह्यांच्या संयुक्त तयारीने निघू लागले.

ह्या चर्चेशी महाराष्ट्राचा प्रत्यक्ष संबंध आहे. उत्तर भारतातील अँग्लिकन, युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन परंपरेचे मेथडिस्ट अशा सहा मंडळ्या एकत्र येऊन नागपूर येथे २९ नोव्हेंबर १९७० रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. तो दिवस आगमनाचा पहिला रविवार, म्हणजे उपासनावर्षाचा आरंभदिन होता. वाटाघाटींत दीर्घकाळ सहभागी असलेली अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी मात्र अखेरीस बाहेर राहिली. ऐक्य पूर्ण झाले नाही. परंतु येथे कोणावर दंड बसविला गेला नाही, आणि न येण्याचा मार्गही खुला राहिला.

ह्या तिन्ही विषयांचा एकत्र विचार केला असता त्यांतील भेद ध्यानात येतो. विश्वास उच्चारता येतो, म्हणून त्याला साक्षीदार लागतात. कृतज्ञता देता येते, म्हणून तिला घेणारा लागतो. ऐक्य मात्र एकट्याला उच्चारताही येत नाही आणि देताही येत नाही. त्यासाठी दुसऱ्या पक्षाची स्वेच्छा लागते आणि ती व्यासपीठाच्या अधिकाराबाहेरची आहे. उपासनावर्षाचे महत्त्व ह्याच संदर्भात प्रतीत होते. थोमाची कथा, पिकांची उपकारस्तुती आणि पन्नासावा दिवस दर वर्षी परत येतात, आणि मागील वर्षीचे प्रवचन ऐकलेले बहुतेक श्रोते पुन्हा समोर असतात. बोललेल्यातले किती आचरणात आले, हे त्यांना ठाऊक असते.